गाळलेला परिच्छेद

आमच्या नित्याच्या वाचकांपैकी काहींना कदाचित आठवत असेल, दोन वर्षांपूर्वी ह्याच मासिकात अस्थिर आणि अतिचंचल मुलांविषयी एक लेख आला होता. मूळ लेख इंग्रजीत होता. त्याचे मराठी रूपांतर मी केले होते. लेखाखाली माझे नाव नव्हते, कारण संपादकीय विभागातच काम करणाऱ्या अनुवादकांची नावे छापण्याचा आमच्याकडे प्रघात नाही, आणि त्यात वावगे असे काही नाही. आज मात्र त्या लेखाविषयी वाचकांना एक गोष्ट सांगणे मला भाग आहे. त्यातला एक परिच्छेद मी गाळला होता. जागा पुरत नव्हती, पाने दुसऱ्या दिवशी छपाईला जायची होती, आणि साऱ्या लेखात तोच एक परिच्छेद मला कमी महत्त्वाचा वाटला. तो मुलींविषयी होता.

पण ती हकीकत क्रमानेच सांगितलेली बरी.

लेख हाती आला तेव्हा दोन दुपारींत तो संपेल असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात पहिला आठवडा नुसत्या मथळ्यापाशी गेला. ज्या विकाराला इंग्रजीत चार अक्षरांच्या संक्षेपाने एडीएचडी म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणावे? स्वमग्नता हा शब्द मराठीने असा काही सुरेख घडवला की आता तो शिक्षक, डॉक्टर, आईबाप सगळ्यांच्या तोंडी रुळला आहे. ह्या दुसऱ्या विकाराच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. 'अवधान-न्यूनता व अतिक्रियाशीलता विकार' हे नाव बोलणाऱ्याने पुरे करीपर्यंत ऐकणाऱ्याचेच अवधान सुटते! बरे, आमचा वाचक एका गावचा नाही. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, ग्वाल्हेर अशा ठिकठिकाणच्या मराठी घरांत अंक जातो. कोणाच्या कानावर हिंदीचा संस्कार, कोणाच्या गुजरातीचा, कोणाच्या कानडीचा. सर्वांना कळेल असा घरगुती शब्द शोधू लागले, तेव्हा शब्दांचा तोटा मुळीच नव्हता. द्वाड, व्रात्य, वांड, उनाड, खोडकर, धसमुसळा, धांदरट, वेंधळा, विसरभोळा. कागद भरला. परंतु मुलाला दोष दिलेला नाही असा शब्द त्यात एकही नव्हता. फार तर अवखळ ह्या शब्दात थोडे कौतुक आहे. पण तेही मूल पाच-सहा वर्षांचे असेतोवरच. पुढे त्याच मुलाला आपण द्वाड म्हणू लागतो.

क्रियापदाचीही तीच अडचण. आपण मुलाला म्हणतो, "लक्ष दे." हिंदीतही ध्यान द्यायचेच असते, आणि इंग्रजीत तर ते वाण्याचे पैसे चुकते करावेत तसे अदा करावे लागते. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांपाशी जे मागणे आहे, तेही अवधान देण्याचेच. म्हणजे लक्ष ही प्रत्येकाच्या गाठीला असलेली वस्तू. असून जो देत नाही तो हट्टी. पण मराठीत ह्याच्या शेजारीच दुसरा प्रयोग नांदतो आहे: लक्ष लागणे. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, तसे लक्ष लागते. ते लागावे म्हणून आपण खटपट करू शकतो. लागेलच असे नाही. सारा लेख ह्या दोन क्रियापदांमधल्या अंतरात मावण्याजोगा आहे असे मला तेव्हा वाटले, आणि अनुवादिकेला व्हावा तसा आनंदही झाला. जेथे जेथे शक्य होते तेथे 'लक्ष देत नाही' खोडून मी 'लक्ष टिकत नाही' असे केले.

हे सर्व करताना माझ्या डोळ्यांसमोर माझा थोरला भाऊ होता.

दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. आमचे लहानपण कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी गेले. वडील कारकून होते. चार माणसांत आपले नाव खाली येऊ नये एवढीच त्यांची महत्त्वाकांक्षा, आणि ते नाव दादा रोज खाली आणीत असे. त्याला बसवत नसे. जेवताना तो पाटावरून तीन वेळा उठे. शाळेत पाढे म्हणताना त्याची नजर कौलांवरच्या साळुंक्यांवर. दुसऱ्याचे बोलणे पुरे होण्याआधी ह्याचे उत्तर तयार, आणि ते बहुधा चुकीचे. एका पावसाळ्यात त्याने तीन छत्र्या हरवल्या. शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवरून उडी मारून एकच हात दोन वेळा मोडून घेतला. दुसऱ्या वेळी तर प्लॅस्टर निघून महिनाही झाला नव्हता. आईने एकदा कंटाळून त्याला जुन्या लुगड्याच्या पट्टीने ओसरीच्या खांबाला बांधून ठेवले होते. संध्याकाळी सोडले तेव्हा खांबाचा रंग त्याने नखांनी हात पोचेल तेवढा खरवडून काढलेला होता.

एका वर्षी मात्र त्याला असे मास्तर लाभले की ज्यांनी त्याला घंटा वाजविण्याचे काम दिले. तास संपला की धावत जायचे, घंटा द्यायची, परत यायचे. खडू संपला तर तोच आणणार, हजेरीपट मुख्याध्यापकांकडे तोच नेणार. त्या वर्षी तो पहिल्या दहांत आला. पुढच्या वर्षी मास्तर बदलले, आणि घंटा शिपायाकडे गेली. नववीत तो दोनदा नापास झाला व शाळा सुटली.

ह्या सगळ्यात माझी भूमिका कोणती होती, हेही लिहिलेच पाहिजे. वडील कचेरीतून आले की चहाचा पेला हातात घेऊन मला विचारीत, "आज काय पराक्रम केला ह्याने?" आणि मी सांगत असे. एकही गोष्ट विसरत नसे. माझी स्मरणशक्ती चांगली होती. मग वडील त्याला म्हणत, "धाकटी असून हिच्याकडे बघ." त्यानंतर काय होई ते सांगत नाही.

तेव्हा तो लेख मी एका अर्थी दादासाठी केला, आणि केला तोही मन लावून. त्यातली माहिती पुन्हा सगळी येथे देत नाही. काही गोष्टी मात्र सांगायला हव्यात. हा विकार नव्या काळाने, दूरदर्शनने किंवा मोबाईलने जन्माला घातलेला नाही. जर्मनीत फ्रांकफुर्ट येथील हाइनरिख हॉफमान नावाच्या डॉक्टरांनी आपल्या लहान मुलाला नाताळात देण्यासाठी स्वतःच चित्रे काढून गोष्टींचे एक पुस्तक केले. १८४५ साली ते छापले गेले. लवकरच निघालेल्या पुढच्या आवृत्तीत त्यांनी फिलिप नावाच्या मुलाची गोष्ट घातली. हा फिलिप जेवणाच्या मेजावर स्वस्थ बसत नाही, खुर्ची झुलवतो आणि शेवटी मेजावरच्या कापडासह सर्व ताटवाट्या अंगावर ओढून घेतो. १९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल ह्यांनी अशा मुलांविषयी तीन व्याख्याने दिली. मुलांच्या बुद्धीत खोट नाही हे त्यांनी ओळखले, पण नाव दिले ते 'नैतिक नियंत्रणातील दोष' असेच. पुढे १९३७ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स ब्रॅडली ह्या डॉक्टरांनी मुलांची डोकेदुखी थांबावी म्हणून एक उत्तेजक औषध देऊन पाहिले. डोकेदुखी फारशी थांबली नाही. मुले मात्र वर्गात स्थिर बसून गणिते सोडवू लागली, आणि त्यांनीच त्या गोळ्यांना गणिताच्या गोळ्या म्हणावयास आरंभ केला. उत्तेजक औषधाने चंचल मूल शांत कसे होते, हे कोडे पुष्कळ वर्षे होते. आता असे समजतात की मेंदूचा जो भाग मनाला आवर घालतो, त्यालाच ह्या मुलांत चेतना कमी पडते. औषध जागे करते ते त्या आवर घालणाऱ्याला.

विकाराचे नावही बदलत गेले. १९६८ च्या अमेरिकन मानसोपचार-सूचीत भर होता तो चळवळेपणावर. १९८० साली तो अवधानावर आला. आजचे नाव १९८७ चे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात मुलांच्या मेंदूच्या प्रतिमा वर्षानुवर्षे घेऊन पाहिल्या, तेव्हा ह्या मुलांच्या मेंदूचे बाह्य पटल इतरांप्रमाणेच पक्व होते, परंतु सरासरी तीन वर्षे उशिरा, असे आढळले. हे वाक्य भाषांतरित करताना मी थांबले होते. नऊ वर्षांच्या मुलापाशी ह्या एका बाबतीत सहा वर्षांच्या मुलाचे बळ असेल, आणि आपण त्याच्याकडे नवाचा हिशेब मागत असू, तर त्या खांबाचा रंग कोणी खरवडला असे म्हणावे?

लेख छापून आला. वाचकांची चार-दोन चांगली पत्रे आली. मी एक अंक दादाला पाठवला. त्याने तो वाचला नाही हे मला माहीत होते. विषय माझ्यापुरता मिटला.

आमची कन्या त्या वेळी चौथीत होती. दिल्लीतल्या एका शाळेत ती जाते. शांत मूल. इतके शांत की शेजारच्या बायका मला भाग्यवान म्हणत. तासचे तास खिडकीत बसून राहणारी, पावसाच्या पागोळ्या बघणारी, हाक मारली तर तिसऱ्या हाकेला 'अं?' म्हणणारी. तिचा डबा शाळेत राही, स्वेटर बसमध्ये राही, पायात कधी दोन निराळे मोजे असत. "वेंधळी आहे आमची," असे आम्ही हसून सांगत असू. वेंधळी! माझ्याच त्या भरलेल्या कागदावरचा शब्द. तो मी दहा वेळा वाचला, त्यातल्या दोषारोपावर टिपण लिहिले, आणि घरी जाऊन तोच मुलीला लावला.

मग गुणपत्रकात घसरण सुरू झाली. शिक्षिकेचा शेरा आला की मुलगी हुशार आहे, परंतु लक्ष देत नाही. त्या रात्री मी घरी मुद्रिते तपासायला आणली होती. ती हिंदीची वही घेऊन समोर बसली होती. एक पान नकलून काढायचे, त्याला सव्वा तास झाला होता, आणि चौथ्या ओळीपुढे वही कोरी होती. पेन्सिलीच्या टोकाने ती रबराला भोके पाडीत होती. "लक्ष कुठं असतं तुझं? लक्ष दे म्हणून किती वेळा सांगायचं?" असे म्हणत मी तिच्या थोबाडीत मारली.

ती रडली नाही. खाली बघून म्हणाली, "आई, मी देते गं. पण ते जातं."

माझ्या हातात मुद्रित होते आणि ते मला वाचता येईना.

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेल्यावर मी जुन्या लेखाचे इंग्रजी हस्तलिखित कपाटातून काढले. माझ्याच पेन्सिलीची आडवी रेघ मारलेला तो परिच्छेद तेथे होता. त्याचा आशय आता, उशिरा का होईना, वाचकांपुढे ठेवते.

ह्या विकाराची दोन तोंडे आहेत. एक अतिचंचलतेचे व उतावळेपणाचे, दुसरे अवधान न टिकण्याचे. काही मुलांत दोन्ही असतात, काहींत एकच. ज्या मुलात केवळ दुसरे असते ते उड्या मारीत नाही, वर्ग बिघडवीत नाही, कोणाला त्रास देत नाही. ते बाकावर बसल्या बसल्या दुसरीकडे गेलेले असते. मुलींत हा प्रकार विशेष आढळतो. समाजात प्रत्यक्ष पाहणी केली तर मुलगे मुलींच्या सुमारे दुप्पट निघतात. दवाखान्यात मात्र ही तफावत त्याहून बरीच मोठी दिसते, कारण मुलींना तेथे कोणी नेतच नाही. जो गोंधळ घालतो त्याच्यासाठी मास्तर पालकांना बोलावतात. जी गप्प आहे तिला स्वप्नाळू, आळशी, वेंधळी म्हणून सोडून दिले जाते, आणि पुढे वरच्या वर्गात अभ्यास वाढला की ती एकदम मागे पडते. तोवर आपण मूर्ख आहोत असे तिचे तिलाच पटलेले असते.

एवढाच परिच्छेद. छापला असता तर बोटभर जागा लागली असती. त्या जागी मी काय छापले ते अंक काढून पाहिले: मुलांच्या न्याहारीसाठी मुगाच्या डोशांची कृती होती. कृती चांगली आहे. पण ती पुढच्या महिन्यातही चालली असती.

जाता जाता सांगते. हॉफमानच्या त्या पुस्तकात आणखी काही दिवसांनी हान्स नावाच्या दुसऱ्या एका मुलाची गोष्ट घातली गेली. हा हान्स आकाशाकडे बघत चालतो, पायाखाली बघत नाही, आणि नदीत पडतो. त्याला बाहेर काढतात. त्याचे दप्तर वाहून जाते. ह्या विकारावर लिहिणारे फिलिपची गोष्ट हमखास सांगतात. हान्स बिचारा त्यांच्याही लक्षात क्वचितच राहतो.

आम्ही मुलीला एका सरकारी रुग्णालयातील बालमानसोपचार विभागात नेले. तेथवर जाणेही सरळ झाले नाही. ह्यांचे म्हणणे, "पोरगी शांत आहे म्हणून दवाखान्यात न्यायची? उद्या दंगा केला तरी नेशील." सासूबाईंनी दृष्ट काढली. शेजारणीने साखर बंद करायला सांगितले आणि आम्ही ती महिनाभर बंदही केली. साखरेने मुलांचे वागणे बिघडत नाही हे १९९५ साली अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेऊन दाखवले गेले आहे, हे मला माहीत असूनसुद्धा केली. आईच्या मनाला काहीतरी करायला हवे असते.

डॉक्टरीणबाईंनी दोन भेटींत मिळून अडीच-तीन तास घेतले. रक्ताची वा मेंदूच्या प्रतिमेची अशी एखादी तपासणी नाही की जिने हा विकार ठरावा. आधी डोळे आणि कान तपासून घेतले. ज्या मुलाला फळाच दिसत नाही त्याचे लक्ष फळ्यावर कसे राहणार? झोप विचारली. घरात काही कलह, काही भीती आहे का ते विचारले. तिला वाचता लिहिता येण्यातच काही अडचण आहे का ते पाहिले, कारण तो प्रश्न वेगळा असतो आणि पुष्कळदा ह्याच्याबरोबरही असतो. मग आम्हा दोघांना एक आणि शाळेच्या शिक्षिकेला एक अशी प्रश्नपत्रिका दिली. बाई म्हणाल्या, "चंचलपणा आणि विसराळूपणा कोणत्या मुलात नसतो? तुम्ही मला हे सांगा, की हे सहा महिने तरी सतत चालू आहे का, घरी आणि शाळेत दोन्हीकडे आहे का, बारा वर्षांच्या आत सुरू झालं का, आणि मुख्य म्हणजे त्यानं तिचं काही अडतं आहे का." शंभरांत पाचेक मुलांना हा विकार असतो असे जगभरच्या पाहण्यांवरून दिसते. उरलेल्या पंचाण्णवांनाही तो चिकटवण्यात अर्थ नाही, हे त्यांनी दोनदा बजावले.

नंतर त्यांनी विचारले, "घरात आणखी कोणी असं होतं का?"

मी दादाविषयी सांगू लागले. छत्र्या, भिंत, खांब. बाईंनी लिहून घेतले. उंचीप्रमाणे हाही विकार पुष्कळ अंशी घराण्यातून येतो. जुळ्या मुलांवरच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के निघतो. बाई म्हणाल्या, "त्याचे मामा लोकांना दिसले. ही तुम्हालाही दिसली नाही." त्या रागावल्या नव्हत्या. मी तो लेख केला होता हे मी त्यांना सांगितले नाही.

पुढच्या गोष्टी सांगायला सोप्या आणि करायला कंटाळवाण्या आहेत. प्रथम शिकायचे होते ते आम्हालाच. तीन कामे एका दमात सांगायची नाहीत. जवळ जाऊन, नाव घेऊन, एक सांगायचे. अभ्यास दहा-दहा मिनिटांचा, मध्ये उठून पाणी आणणे, झाडांना घालणे. दाराला एक पाटी टांगली आहे, तीवर डबा, बाटली, स्वेटर, डायरी अशी चित्रे. निघताना बोट ठेवून वाचायचे. चुकल्याचा निवाडा रात्री बाबांपुढे होत नाही, आणि जमल्याचे कौतुक तेथल्या तेथे. शाळेने तिला पहिल्या बाकावर, खिडकीपासून दूर बसवले. शिक्षिकेने वह्या वाटण्याचे काम तिला दिले. ते ऐकून मला दादाच्या मास्तरांची आठवण झाली. त्यांना कोणते मानसशास्त्र माहीत होते?

औषधाचा निर्णय मात्र चार महिने झाला नाही. ह्यांचा विरोध होता आणि माझाही काही निर्धार नव्हता. मेथिलफेनिडेट हे ह्या विकारावरचे मुख्य औषध स्वित्झर्लंडमध्ये बाझेल येथे १९४४ साली प्रथम तयार झाले. म्हणजे ते काल-परवाचे नाही. आपल्या देशात ते कडक नियंत्रणाखाली, तज्ज्ञाच्या चिठ्ठीवरच मिळते. बाईंनी घाई केली नाही. अगदी लहान मुलांत आधी पालकांनाच शिकवतात. मोठ्या मुलांतही बाकीच्या उपायांनी भागत असेल तर थांबता येते. आमचे भागले नाही. सुरू केल्यावर दुसऱ्या आठवड्यात तिने एक धडा एका बैठकीत वाचला, आणि डबा जवळजवळ भरलेला परत आला. भूक मंदावते, म्हणून सकाळची न्याहारी आता भरपूर, रात्रीचे जेवण थोडे उशिरा, आणि दर काही महिन्यांनी उंची-वजनाची नोंद. औषधाने विकार मुळातून जात नाही. चष्म्याने डोळा बदलत नाही, तसेच ते. अजूनही आठवड्यातून एक दिवस असा येतोच की ती आणि मी दोघी रडतो.

हे सर्व दिल्लीत राहिल्यामुळे साधले, असे कोणी म्हणेल आणि त्यात तथ्य आहे. तालुक्याच्या गावी बालमानसोपचारतज्ज्ञ कोठून आणावा? २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्यांतील आणि सरकारी शाळांतील मुलांची जी तपासणी होते, तिच्या यादीत हा विकार आहे, आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्राची योजना आहे. २०२२ साली सुरू झालेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर कोणत्याही गावाहून विचारणा करता येते. पण तपासणीला आलेल्या पथकापुढे शिक्षकाने बोट दाखवावे लागते, आणि ते बोट भिंतीवर चढलेल्याकडेच जाते. म्हणून तर हा परिच्छेद.

गेल्या दिवाळीत दादा दिल्लीला आला. तो आता गावी मोटारींचे वाइंडिंग करतो. उसाच्या पट्ट्यातले शेतकरी जळालेले पंप त्याच्याकडे आणतात. रात्र रात्र बसून तो ते उभे करतो, त्या वेळी त्याला हाक मारली तरी ऐकू येत नाही. ज्याचे लक्ष लागत नाही असे सारे गाव म्हणे, तो हाच. ज्यात जीव रमतो तेथे ते लागते, सुटता सुटत नाही. आणि जेथे हवे तेथे ते लावता येत नाही. बिले मात्र त्याने कधी लिहून ठेवली नाहीत. निम्म्या गावाकडे त्याचे पैसे येणे आहेत.

रात्री सगळे झोपल्यावर मी त्याला मुलीचे सांगितले. ती काय म्हणाली तेही सांगितले. तो पुष्कळ वेळ बोलला नाही. मग मी वडिलांपाशी रोज चहाच्या वेळी ज्या चहाड्या केल्या, त्यांच्याविषयी बोलू लागले, तर त्याने मला अडवले. "अगं, तू नसतं सांगितलंस तरी मास्तरांची चिठ्ठी यायचीच की." थोड्या वेळाने म्हणाला, "पण तिला मारू नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरातून पाहिले, तर दोघे बैठकीच्या खोलीत वर्तमानपत्र पसरून बसली होती आणि मध्ये आमचा बंद पडलेला मिक्सर उघडा पडला होता. मामा एकेक स्क्रू काढून भाचीच्या हातात देत होता, आणि ती तो डब्याच्या उपड्या झाकणात ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने मांडीत होती. ओळ मोडली की तो थांबे, ती नीट करी, मग पुढे. दीड तास दोघेही जागचे हलले नाहीत. शेवटी जोडताना एक स्क्रू कमी भरला. मुलीचा चेहरा उतरला. माझ्या तोंडाशी आलेले शब्द मी कसेबसे आवरले.

"एक हरवायचाच," दादा म्हणाला, आणि शर्टाच्या खिशातून त्याने कागदाची पुडी काढली. "म्हणून मी पहिल्यापासून चार जादा घेऊन बसतो."

मिक्सर चालू झाला. हरवलेला स्क्रू जानेवारीत तिच्या कंपासपेटीत निघाला.